परतूरची पाकिटं

द्वारकाबाईची शाळा चौथीत सुटली होती. पण पाकिटावरचा तो शब्द वाचायला चौथीही लागत नव्हती. पहिलीतल्या पोराला सगळ्यात आधी जो शब्द येतो, तोच नेमका सगळ्यात मोठ्या अक्षरात छापला होता. आधी आ, मग ई. त्याच्या खाली बारीक अक्षरात 'च्या हातचे पापड', त्याच्या खाली निव्वळ वजन दोनशे ग्रॅम, आणि या सगळ्याच्या डाव्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेली, हातात लाटणं धरलेली, हसणारी द्वारकाबाई.

तिनं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, आणि खाली ठेवून दिलं. समोर पापड लाटत बसलेल्या शिवकन्येनं तेवढ्यात ते उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, "आई, आशीर्वाद दे." सगळ्या बाया हसल्या. द्वारकाबाईही हसली. न हसून सांगते कुणाला?

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत कन्हैयालालजींचं तीन मजली घर होतं. दुसऱ्या मजल्यावर अकरा बाया पापड लाटायच्या आणि वर गच्चीत ते वाळायचे. हा उद्योग त्यांच्या पत्नी राजकुमारीभाबींनी उभा केलेला, म्हणून पापडाचं नावही 'राजकुमारी'. द्वारकाबाई तिथं एकोणीस वर्षांपासून होती. तिच्याकडे लाटायचं काम नव्हतं. पापडखार किती, मिरी किती, उडदाचं पीठ कितपत कुटायचं, हे ती बघायची. आणि लाट्या कापायची. कुटलेल्या पिठाची तेलाच्या हातानं लांब वळी करायची, दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, दुसरं बोटाला गुंडाळायचं आणि वळीवरून दोरा फिरवत जायचं. टप टप लाट्या पडायच्या. एकीत आणि दुसरीत गुंजभर फरक नसायचा. भाबी पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला आणत.

पाकिटाची कल्पना नातवाची. मयंक पुण्याहून शिकून आला होता आणि वर्षभरापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. साध्या पिशवीत पापड विकायचे दिवस गेले, असं त्याचं म्हणणं. पाकिटावर बाईचा चेहरा पाहिजे, त्याशिवाय गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. मग चेहरा कुणाचा? नाव भाबींचं, तर फोटोही त्यांचाच असावा, असं त्याला वाटत होतं. पण कन्हैयालालजींनी जेवता जेवता एका वाक्यात तो विषय मिटवला. घरच्या बायकांचे फोटो बाजारात जाणार नाहीत. लोक पापड खातात आणि पाकीट गटारात टाकतात.

म्हणून द्वारकाबाई.

फोटो काढायला संभाजीनगरहून माणूस आला होता. भाबींनी स्वतःची हिरवी साडी नेसायला दिली. त्यानं कुंकू मोठं लावायला सांगितलं, हातात हिरव्या बांगड्या चढवायला लावल्या. द्वारकाबाई रोजच्यासारखी एक गुडघा उभा करून बसली आणि दोऱ्याचं टोक दातात धरलं, तर तो घाईनं म्हणाला, ते नको मावशी, दातातलं घाण दिसतं, खाण्याची वस्तू आहे. मग त्यानं तिच्या हातात लाटणं दिलं. एकोणीस वर्षांत तिनं त्या घरात लाटणं कधी धरलं नव्हतं. तरी तिनं धरलं.

"आता हसा," तो म्हणाला. "समजा, तुमचा मुलगा सुट्टीला घरी आलाय, पानावर बसलाय. त्याच्याकडं बघून हसतात ना, तसं."

द्वारकाबाईला तसं हसता येईना. ती ओठ ताणायची, तो मान हलवायचा. बायांची लाटणी थांबली. कारण तिला मूल नाही आणि त्याच पायी नवऱ्यानं टाकली, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त फोटोवाल्याला माहीत नव्हतं, आणि मयंकला माहीत असूनही सुचलं नव्हतं. शेवटी शिवकन्येला राहवलं नाही. फोटोवाल्याच्या पाठीमागं उभी राहून तिनं त्याच्यासारखाच एक डोळा बारीक केला, गाल फुगवले आणि माकडासारखी खांदे उडवू लागली. द्वारकाबाईला हसू फुटलं. तेवढ्यात त्यानं फोटो काढला.

पाकिटावर जे हसू होतं, ते हे. बघणाऱ्याला वाटे, काय माया आहे बाईच्या डोळ्यांत.

याआधी तिचा एकच फोटो निघाला होता, लग्नानंतर, परतूरला. रेल्वे स्टेशनकडून बाजारात जाताना एक स्टुडिओ होता. लिंबाजी खुर्चीत बसला होता आणि ती शेजारी उभी. तेव्हा फोटोवाल्यानं बजावलं होतं, हसू नका बाई, फोटो हलतो. बाहेर आल्यावर लिंबाजीनं दुकानावरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली होती, 'सूरज फोटो स्टुडिओ', आणि जरा चालून गेल्यावर आपणच लाजत म्हणाला होता, पोरगा झाला तर हेच नाव ठेवू. ती सतरा वर्षांची होती. तिनं मान खाली घालून हूं म्हटलं होतं.

सात वर्षं वाट बघितली. नवस झाले, दवाखाने झाले, सासूची बोलणी झाली. आठव्या वर्षी लिंबाजीनं दुसरी केली. भांडण नाही, मारहाण नाही, काडीमोडही नाही. द्वारकाबाईनं एका पिशवीत लुगडी भरली आणि जालन्याला आईकडं आली. आई गेली, खोली राहिली. कुंकू ती अजूनही लावत होती, कारण कुंकू पुसायचं तर माणूस मरावा लागतो, आणि तो तर परतूरला धडधाकट होता. पुढं कधीतरी बसस्टँडवर भेटलेल्या एका बाईनं सांगितलं होतं की दुसरीलाही काही झालं नाही. द्वारकाबाई त्या दिवशी घरी आली, तिनं भात टाकला आणि जेवली. आनंद व्हायला पाहिजे होता की वाईट वाटायला पाहिजे होतं, हे तिला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही नाही. त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली होती.

पाकीट चाललं. मयंक खूश झाला. अंबड, मंठा, परतूर, सेलू, सगळीकडं माल जाऊ लागला. गल्लीतली पोरं द्वारकाबाईला 'पापडवाली आई' म्हणू लागली. किराणा दुकानदारानं तिच्याकडं बघून, मग फळीवरच्या पाकिटाकडं बघून मान डोलावली. गटारातही ती दिसायची. कन्हैयालालजी बरोबर बोलले होते. एकदा पावलाखाली स्वतःचंच तोंड आलं, तेव्हा ती थबकली आणि बाजूनं गेली.

हे सगळं तिनं पचवलं. पण शेजारच्या अक्षताचं डोहाळजेवण झालं, तेव्हा मात्र तिला सहन झालं नाही. अक्षता तिच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर, दिलेलीही त्याच गल्लीत. लहानपणी द्वारकाबाईच्या खोलीत येऊन कच्च्या लाट्या खायची. तिची सासू सकाळीच येऊन सांगून गेली होती, मावशी, पापड तेवढे तुम्ही तळून द्या, तुमच्यासारखे कुणाला जमत नाहीत. द्वारकाबाईनं मागच्या अंगणात बसून चार पाकिटं तळली. पुढच्या खोलीत बायांनी अक्षताची ओटी भरली, गाणी म्हटली. द्वारकाबाईला ओटी भरायला कुणी बोलावलं नाही. बोलावणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतःही पुढं झाली नसती. पण तिच्या पायाशी चार रिकामी पाकिटं पडली होती, आणि चारही पाकिटांवर ती आई होती.

दुसऱ्या दिवशी ती मयंकच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

त्यानं आधी ऐकून घेतलं आणि मग त्याला खरोखरच नवल वाटलं. दुसरी एखादी बाई असती तर चार ठिकाणी मिरवली असती, असं तो म्हणाला. द्वारकाबाई म्हणाली, फोटो राहू द्या, मला काही न्हाई त्याचं; तो शब्द खोटा आहे, तेवढा काढा. तिथंच त्याची बायको कनिका लॅपटॉप घेऊन बसली होती. चांगल्या स्वभावाची पोरगी. तिनं समजावून सांगितलं.

"मावशी, जाहिरातीत दोनच बायका चालतात. एक तर आई, नाहीतर नवी सून. तिसरी बाई लोकांना समजतच नाही."

"पर तिसऱ्याच जास्त हायेत, बाई," द्वारकाबाई म्हणाली.

कनिका हसली. मयंकनं सांगितलं की दिवाळीनंतर पाकीट तसंही बदलायचंच आहे, तेव्हा बघू. पुन्हा म्हणाला, "काढू, मावशी. शब्द दिला तुम्हाला." द्वारकाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. महिनाभर ती निवांत झोपली.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, ती खोलीत तांदूळ निवडत बसली होती. दारात सावली आली. वर बघितलं तर एक म्हातारा उभा. डोक्याला पांढरा रुमाल, हातात कागदात बांधलेला पुडा. चपला त्यानं उंबऱ्याबाहेर नीट जोडून काढल्या होत्या. ती चपला काढायची पद्धत तिनं आधी ओळखली, माणूस नंतर ओळखला.

तीस वर्षांहून जास्त झाली होती. बैस म्हणायचं की नाही, हेच तिला कळेना. शेवटी तिनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं आणि तो त्या जागेवर बसला. तिनं पाणी दिलं. पिऊन झाल्यावर तांब्या त्यानं तिच्या हातात न देता खाली ठेवला, पाहुणा ठेवतो तसा.

"बरं हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय."

मग त्यानं खोली बघितली. एक कॉट, एक गॅस, देवाचा कोनाडा, खिळ्याला एकच पिशवी. तो काय शोधतोय, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"पाकीट पाह्यलं," तो म्हणाला. "दुकानात टांगल्यालं. दुकानदारच म्हन्ला, लिंबाजी, ही तुझी पहिली न्हाई का रे? म्हन्ला, आई झाली की ती." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "गावात आता समदेच म्हनून राह्यलेत. मी म्हन्लं, जाऊन यावं."

द्वारकाबाईला आधी हसू येईल असं वाटलं. छापलेलं खोटं नसतं, असं मानणारी ही माणसं. औषधाच्या बाटलीवर, खताच्या पोत्यावर जे लिहिलंय ते खरं, तर पापडाच्या पाकिटावरचं खोटं कसं असेल? तिनं तोंड उघडलं. आवो, ते काही खरं न्हाई, त्या पोरानं जाहिरातीसाठी लिहिलंय, असं सांगायला एक श्वास पुरला असता. तो उठून गेला असता, परतूरला जाऊन चार माणसांत सांगून मोकळा झाला असता. खोटं आहे ते, तिला काही झालेलं नाही. दोष तिच्यातच होता.

तो श्वास तिनं घेतला आणि तसाच सोडून दिला.

"किती लेकरं?" लिंबाजीनं विचारलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, तांदळाकडं बघत होता.

"येकच."

"पोरगा?"

"हां."

"काय नाव ठिवलं?"

एवढ्या पुढचं तिनं ठरवलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नाही. दुसरं एखादं नाव शोधायला वेळ पाहिजे होता, आणि वेळ नव्हता. जे नाव इतकी वर्षं आत पडून होतं, तेच बाहेर आलं.

"सूरज."

लिंबाजीचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला. बाहेर कुणाची तरी दुचाकी गेली, तिचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"ती पाटी हाय अजून," तो म्हणाला. "स्टुडिओ बंद पडला. पर पाटी हाय."

द्वारकाबाईनं ताट ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. खडा नव्हता तिथंही तिचं बोट फिरत राहिलं. तो आता विचारील, बाप कोण. त्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. पण त्यानं ते विचारलं नाही. पोरगा कुठं असतो, एवढंच विचारलं. ती म्हणाली, पुण्याला, कंपनीत. गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला कंपनीतच होती. मग त्यानं दवाखान्याचं काही सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या लग्नानंतर पाच वर्षांनी औरंगाबादच्या डॉक्टरनं दोघांनाही तपासलं होतं. कागद दिला होता. तो कागद त्यानं घरात कुणाला दाखवला नाही.

"तवाच यायला पायजे होतं," तो म्हणाला. "तुला सांगाया. न्हाई आलो."

द्वारकाबाईनं निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत ओढले.

गाडीची वेळ झाली म्हणून तो उठला. दारात गेल्यावर त्याला हातातला पुडा आठवला. परत येऊन त्यानं तो कॉटच्या कडेवर ठेवला.

"गोडीशेव हाय. लेकराच्या घरी रिकाम्या हातानं येऊ न्हाई, म्हनून." मग स्वतःच ओशाळला. "लेकरू म्हन्लं की बारकंच डोळ्यापुढं येतं. तो मोठा झाला आसंल आता."

"खाईल," द्वारकाबाई म्हणाली. "त्याला आवडती."

त्यानं चपला घातल्या. गल्लीच्या वळणावर त्यानं मागं वळून बघितलं की नाही, हे तिनं पाहिलं नाही. ती तोवर आत आली होती.

पुडा तसाच राहिला. तिन्हीसांजेला तिनं दिवा लावला, भाजी टाकली, आणि मध्येच उभी राहून ती विचार करू लागली की लग्नाच्या दुसऱ्या वर्षी झाला असता तर आज छत्तीस वर्षांचा असता. दाढी असती. गोडीशेव खाल्ली नसती. हल्ली कुणी एवढं गोड खात नाही. फोन केला असता का रोज? शेजारच्या बाईचा मुलगा रविवारीच करतो. आज रविवार होता. तिनं फोनकडं बघितलं, आणि मग असं काय करून राह्यलो आपण म्हणून स्वतःवरच चिडली. आजवर तिच्या खोलीत कुणी नव्हतं, आणि त्याची तिला सवय झाली होती. आता एक जण नाव घेऊन येऊन गेला होता आणि तो नव्हता. हे कुणी नसण्यापेक्षा फार वेगळं होतं.

भाकरी तिनं एकीची दीड केली होती. अर्धी उरली.

आणि मग तिला मयंकचा शब्द आठवला.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. मयंक चहा पीत होता. ती म्हणाली, शब्द राहू द्या. त्याला आधी कळेनाच, कुठला शब्द. कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला, टेबलाच्या खणातून नवं पाकीट काढलं आणि तिच्यासमोर धरलं. जांभळ्या रंगाचं पाकीट. त्यावर एक कोवळी पोरगी, केस मोकळे, दात मोत्यासारखे. आरशात बघावं तसा पापड दोन बोटांत धरलेला. पापड असा धरला तर मोडतो. वर लिहिलं होतं, 'नव्या सुनेची पहिली पसंती'. ही कोण, असं द्वारकाबाईनं विचारलं. कुणी नाही, असे फोटो इंटरनेटवर विकत मिळतात, मयंक म्हणाला. ही दिल्लीची असेल, नाहीतर आणखी कुठली.

"छापून झालं, मावशी. परवा गठ्ठे आलेसुद्धा. तुम्हीच म्हणाला होतात ना? मी शब्द दिला होता."

"म्हन्ले व्हते," द्वारकाबाई म्हणाली.

ती गेली नाही, तिथंच उभी राहिली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मयंकला वाटलं, फोटो गेल्याचं वाईट वाटतंय. तो आपलेपणानं काही बोलणार होता, तोच तिनं विचारलं, "जुनी किती उरली?"

चारेक हजार असतील, तो म्हणाला. फेकून देणार नाही, आधी तीच संपवू. नवीन पाकिटं जालन्यात आणि अंबडला लावू, जुनी इकडं तिकडं खपवू.

"परतूरला पाठवा."

"सगळी?"

"समदी. आन् येकदम नगं. थोडी थोडी."

मयंक हसला. "परतूरच का पण?"

"तिथं चालतेत," द्वारकाबाई म्हणाली.

त्यानं फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. थोडी थोडी पाठवली तर चार हजार पाकिटं एवढ्याशा गावाला किती दिवस पुरतील, हे विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. विचारलं नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील, असं तिनं आपलं धरलं.

खोलीत बाया आल्या होत्या. पीठ कुटून झालं होतं. द्वारकाबाईनं पिशवीतून पुडा काढला, कागद सोडला आणि थाळीत ओतून मध्ये ठेवला. गुळाची गोडीशेव, परतूरची, जाड. बायांनी हात घातला. शिवकन्येनं दोन कांड्या एकदम तोंडात टाकल्या आणि भरल्या तोंडानं विचारलं, "आई, कशाबद्दल गं ही?"

द्वारकाबाईनं वळी पुढ्यात ओढली, दोऱ्याचं टोक दातात धरलं. दातात दोरा असला की बोलता येत नाही. तिनं नुसतं हूं केलं आणि लाट्या कापायला लागली.